तुझ्या हातची साय

ताई, तुझ्यासाठी एक निरोप आहे. तो मी शेवटी देणार, कारण आधी दिला तर तू माझं पुढचं काही ऐकायची नाहीस, उठून चहा टाकायला जाशील. आणि त्याआधी जे सांगायचंय ते ऐकून तू चिडणार आहेस. चीड बापडी. मी सायला खोबरेल तेल लावलं.

हो, सायलाच. तुझ्या त्या पर्शियन मांजरीला, जिच्याजवळ तू मला हात न धुता बसू द्यायची नाहीस. तेही कॅट शोच्या दोन दिवस आधी. नुसतं बोट लावलं नाही गं, चांगलं वाटीत कोमट करून, चोळून चोळून लावलं.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू मध्येच बोलशील.

तुझं तेरावं झालं. ओंकार बेंगळुरूला परत गेला, त्याला सुट्टीच नव्हती अजून. द्वारकेच्या त्या फ्लॅटमध्ये भाऊजी आणि साय, दोघंच उरले. मी गाझियाबादहून रोज फोन करायचे. "जेवलात का?" की "जेवलो." "आणि साय?" की "तिचं काही कळत नाही बघ." की लगेच "ठेवतो." तुझ्या नवऱ्याशी आजवर मी तुझ्यामार्फतच बोलत आले, हे मला आत्ता कळलं. फोन तू घ्यायचीस आणि "तुझे भाऊजी विचारतायत" म्हणायचीस. आता मध्ये कोणी नाही तर आम्हा दोघांना बोलताच येईना.

सायचं खरोखरच कळत नव्हतं. ती तुझ्या पलंगाखाली, भिंतीच्या कडेला जाऊन बसायची. खायला यायची, तेही घरात सामसूम झाल्यावर. भाऊजींच्या हातात कंगवा दिसला की फिस्स करून आत. आणि तूच सांगायचीस ना, पर्शियनला रोज विंचरलं नाही तर बघायला नको. कानामागे, काखेत, मागच्या मांड्यांवर गाठी झाल्या. ओंकारचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "सायच्या केसांचा गुंता झालाय रे." तर म्हणतो, "मावशी, गुंता म्हणजे?" डोक्याला हात लावला मी. हिंदीत वाढलेलं तुझं लेकरू!

मग पम्मी आंटींचा फोन आला. तुझ्या त्या पम्मी आंटी, आमच्याच गाझियाबादच्या, ज्यांच्याकडून तू सायला टोपलीतून आणलं होतंस. आधी रडल्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, "दीदी ने संडे की एंट्री भर रखी है. कैंसल करवा दूँ ना?" मी म्हटलं, हां जी, बिल्कुल. आता कुठला शो आणि काय! भाऊजींना सहज सांगितलं, तर फोनवर एकदम पलटणीतला आवाज: "कॅन्सल कशाला? नाव दिलंय ना? नाव दिलं की हजर व्हायचं."

"अहो भाऊजी, तिला कोणी हात तरी लावू शकतंय का?"

"ते तू ये आणि बघ. सोमवारी डॉक्टरांना सांगितलंय. भुलीची सुई देऊन सगळे केस मशीननं काढतील. गाठींनी कातडी ओढली जातेय गं तिची, बघवत नाही. पण रविवारी हजर व्हायचं."

म्हणजे रविवारी शो आणि सोमवारी हजामत! मला आधी हसूच आलं, पण ते फोन ठेवेपर्यंतच. मग मला गेल्या हिवाळ्यातलं ते आठवलं.

तू बाल्कनीत उन्हात बसली होतीस, साय मांडीवर. डोक्यावरून एकामागून एक विमानं उतरत होती, विमान आलं की आपण बोलायचं थांबायचो. मी तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर ताव मारत तुझी टर उडवत होते. म्हटलं, "मांजर ती, तिला कसल्या परीक्षेला बसवतेस? एवढं करून मिळणार काय?"

"रिबन."

"रिबन काय, करोल बागेत मीटरवर मिळते. चल, आणून देते."

तू हसलीस. मग एक विमान गेलं, आणि तू कंगव्यातले केस काढत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तसं नाही गं. तिथं कोणीतरी नीट हात लावून बघतं ना. आपण केलेलं काम असं हातात घेऊन कोण बघतं?"

"मी बघते की!"

"तू बघत नाहीस, तू खातेस."

माझ्या तोंडात चटणी होतीच. पुढं तो वाद तसाच राहिला. आणि त्यानंतरच्या शोला तू हॉलच्या दारापर्यंत जाऊन परत आलीस. साय शिंकली म्हणे! साय नव्हती गं शिंकली, तू घाबरली होतीस. भाऊजींच्या बदल्यांमागे किती क्वार्टर बदललेस, किती वेळा सामान बांधलंस आणि सोडलंस, कधी घाबरली नाहीस. आणि एक बाई मांजर तपासणार म्हटल्यावर तुझे पाय लटपटले. "पुढच्या वेळी नक्की," म्हणालीस.

पुढची वेळ म्हणजे हा रविवार. सोमवारी मशीन फिरली की तू इतकी वर्षं रोज बसून जे केलं होतंस, ते सगळं केराच्या पिशवीत जाणार होतं, कोणीही न बघता. मला दुसरं काही नको होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, कुणाचातरी जाणता हात त्याच्यावरून फिरावा. बक्षीस गेलं खड्ड्यात. पण ते माझ्या हातून होईल का, या विचारानंच माझं धाबं दणाणलं होतं.

शुक्रवारी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि आमच्या वैशाली स्टेशनवरून मेट्रोची ब्लू लाइन धरली. थेट दुसऱ्या टोकाला. सगळ्या रस्त्यात मी फोनवर मांजरांना कसं विंचरायचं त्याचे व्हिडिओ बघत होते आणि प्रत्येक व्हिडिओत काहीतरी वेगळंच सांगितलेलं होतं. द्वारकेला उतरेपर्यंत मला एवढंच कळलं होतं की मला काहीच कळलेलं नाही.

मग मी ते केलं जे आपल्या घरात होतं. आई काय करायची? केसांत जटा झाल्या की आधी खोबरेल चोळायची, मग न्हाऊ घालायची, आणि मग विंचरायची. दर रविवारी. इतका साधा नेम. थंडीनं बाटलीतलं तेल थिजलं होतं, ते गॅसवर कोमट केलं. भाऊजींनी पलंग सरकवला, सायला टॉवेलात गुंडाळून धरलं, आणि मी प्रत्येक गाठीत तेल जिरवलं. वर शॅम्पू, वर गरम पाणी. मला वाटत होतं, वा, काय छान चाललंय! साय ओरडत होती, भाऊजी तिला "सावधान! साय, सावधान!" म्हणत होते, आणि मी मनातल्या मनात तुला सांगत होते की बघ, जमतंय मला.

पाणी निथळल्यावर बघितलं. गाठी सुटल्या नव्हत्या. पाण्यानं आवळून घट्ट झाल्या होत्या, घोंगडीच्या तुकड्यांसारख्या. आणि उरलेला कोट, कोटच म्हणायचीस ना तू तिच्या केसांना, तो फुललेला, फुंकर मारली की लाटा उठणारा कोट, दोऱ्यादोऱ्यांनी अंगाला चिकटला होता. एवढीशी दिसत होती गं साय. थरथर कापत होती. बाहेर ती दिल्लीची थंडी, आणि तेल काही निघेना.

भाऊजींनी टॉवेलाचं टोक उचलून बघितलं. मग हळूच म्हणाले, "काय केलंस हे शुभा?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

मला काही सुचेना. काय करू, कुणाला विचारू? आणि ताई, माझ्या हातानं आपोआप तुझा नंबर लावला. खरंच. रिंग वाजली. आतल्या खोलीत वाजली. भाऊजी तुझा फोन अजून चार्ज करून ठेवतात, मला माहीत नव्हतं. ते टॉवेल तसाच टाकून आत धावले, आणि स्क्रीनवर माझं नाव बघून परत दारात आले. हातात तुझा वाजणारा फोन, माझ्या हातात माझा. दोघांनाही तो बंद करायचं सुचेना. मध्ये साय ओली होऊन बसलेली.

शेवटी मी पम्मी आंटींना व्हिडिओ कॉल लावला. "हाय रब्बा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की साय उडाली. "तेल? किसने बोला तेल डालने को? गाँठें पहले खोलते हैं, फिर नहलाते हैं! तुम मराठी लोग हर चीज़ में नारियल!" मी रडायला लागले. मग त्या मवाळल्या. "अच्छा चलो, रोना बाद में. बर्तन वाला लिक्विड है? कॉर्नफ्लोर है?"

तुझ्या ओट्याखाली दोन्ही होतं. भांड्यांच्या लिक्विडनं परत धुतलं, दोनदा. हीटर लावून, तुझा हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून, भाऊजी आणि मी आळीपाळीनं वाळवत बसलो. दर थोड्या वेळानं मी तिच्या नाकाशी कान न्यायचे. शिंकते का? धाप लागतेय का? रविवार गेला उडत, हिला काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू, असं मनात यायचं आणि मग लक्षात यायचं. पण भीती काही कमी व्हायची नाही. वाळल्यावर कॉर्नफ्लोर शिंपडलं, घासून झटकलं, परत शिंपडलं. भाऊजींच्या मिशीला, माझ्या कपाळाला, सगळीकडे पीठ. थालीपीठ थापल्यासारखे दिसत होतो दोघं. आणि सांगते तुला, तेल निघालं. पाठीवरचा कोट हळूहळू सुटा व्हायला लागला. जिवात जीव आला.

पण गाठी तशाच. शनिवारी सकाळी बाल्कनीत तुझ्याच जागेवर बसले. कंगवा लावला की साय गुरगुरायची, ओढला की चावायची. माझ्या दोन्ही मनगटांवर ओरखडे. भाऊजींनी तोवर त्यांची कामं चोख उरकली होती. नखं कापली, डोळ्यांखालचे तपकिरी डाग ओल्या कापसानं पुसून काढले, शेपूट टूथब्रशनं विंचरली. परेडच्या आधी बिल्ले चमकवतात तसं. पण गाठी म्हणजे माझं काम, आणि मी हात टेकले होते. "भाऊजी, नाही होत. उद्या नको. राहू दे."

साय माझ्या मांडीवरून निसटायला लागली, आणि मी तिला अडवायला म्हणून कानामागची गाठ मुठीत धरली. अगदी कातडीशी, मुळाशी. मूठ घट्ट, आणि वर कंगवा. आणि एकदम मला माझंच डोकं आठवलं.

शाळेची घाई, आई शेतावर गेलेली, आणि तू माझ्या मागे पाटावर. माझे केस म्हणजे नुसतं झुडूप. पण मी कधी ओरडले नाही. का ओरडले नाही? कारण तू डाव्या हाताच्या मुठीत केस मुळाशी घट्ट धरायचीस आणि खाली कंगवा चालवायचीस. सगळी ओढ तुझ्या मुठीत थांबायची, माझ्या टाळूपर्यंत यायचीच नाही. हललं की डोक्यात कंगव्याचा फटका बसायचा ते वेगळं! इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही गं, की दुखत कसं नाही. तू ते मला कधी शिकवलं नाहीस. माझ्या डोक्यालाच ते माहीत होतं.

मी मूठ सोडली नाही. टोकाकडून सुरुवात केली, जशी तू करायचीस. थोडं सुटलं. अजून थोडं. साय गुरगुरली नाही. मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं तिनं, हुंगलं, आणि परत डोकं खाली ठेवलं. ताई, मी तिथंच रडले. भाऊजी आत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. मला ऐकू येत होतं.

दुपार गेली, ऊन गेलं. एकेक गाठ सुटली. एक सोडून. डाव्या काखेतली काही केल्या सुटेना, आतली कातडी लाल झाली होती. कात्री लावावी लागली. माझे हात इतके कापत होते की भाऊजींनी माझं मनगट धरलं आणि मी कापलं. तो पुंजका त्यांनी केरात टाकला नाही. खिशात ठेवला. मी न बघितल्यासारखं केलं.

रविवारी आम्ही त्या हॉलच्या दारात पोहोचलो. तू जिथून परत फिरलीस तिथंच. आणि काय सांगू, साय शिंकली! मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "शिंकू दे," आणि आत चालायला लागले.

आत काय थाट! पिंजऱ्यांना मखमलीचे पडदे, लोकांकडे पेटीभर ब्रश. आमच्याकडे तुझी जुनी पिशवी आणि कॉर्नफ्लोरचा डबा. नंबर पुकारला. मी सायला टेबलावर ठेवलं आणि माझे पाय लटपटायला लागले. तेव्हा मला तू कळलीस. परीक्षक बाई वयस्कर, केस बारीक कापलेले. हात पुसून त्यांनी सायला उचललं, जबडा बघितला, शेपूट बघितली. मग पुढचा पाय उचलून काख बघितली. "यहाँ कैंची लगी है."

संपलं, असं वाटलं मला.

मग त्यांनी पाठीवरच्या केसांत बोटं घातली. पार मुळापर्यंत. फुंकर मारली. केस दुभंगून बघितले, पोटाखाली हात फिरवला, आणि थांबल्या. "ये कोट किसने बनाया है? ये तो बरसों का काम है."

मी काही बोलायच्या आधी भाऊजी पुढं झाले. सावधानमध्ये उभे, छाती पुढं, हात मांड्यांना चिकटलेले. "मेरी मिसेस ने."

"आज नहीं आईं?"

"नहीं जी."

"उनसे कहिएगा, बहुत अच्छा काम है. बस, अगली बार कैंची न लगाएँ."

"जी," भाऊजी म्हणाले. "कह देंगे."

रिबन नाही मिळाली. कातरलेल्या काखेला कुठली रिबन! येताना साय पिंजऱ्यात पाय पसरून झोपली. भाऊजींनी वाटेतच डॉक्टरांना फोन करून सोमवारचं रद्द केलं. मला म्हणाले, ते मुळाशी कसं धरायचं ते मला दाखव.

सोसायटीत गाडी लावली, पण ते उतरेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक विमान गेलं. मग म्हणाले, "शुभा, मी त्या बाईंना 'कह देंगे' म्हणालोय."

"हो."

"शब्द दिलाय. पण मला नाही गं जमायचं. तू सांग. तुम्ही दोघी बोलायचात ना."

तर तो निरोप हा, ताई. एका बाईंनी हातात घेऊन, नीट हात लावून बघितलं. काम फार चांगलं झालंय. पुढच्या वेळी कात्री लावू नका, असंही म्हणाल्या, पण ते मला होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.